दोन दिवसांचा पाऊस

सत्काराची पाटी रंगवायला देण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला मजकूर फोनवर वाचून दाखवला. 'सलग एकोणतीस वर्षे, एकही दिवस न चुकता पावसाची नोंद ठेवणारे आमचे गुरुजी.' पुढे माझं नाव.

मी म्हणालो, "बाई, इतक्यात देऊ नका रंगवायला."

त्यांना वाटलं मी संकोचतोय. "तुमचं नेहमीचंच आहे, गुरुजी. पण शुक्रवारपर्यंत सांगा हं. पेंटर महाडचा आहे, रविवारी कार्यक्रम."

म्हणजे हातात चार दिवस होते. त्याआधी अठरा वर्षं होती, ती मी काही न बोलता घालवली होती.

मी प्राथमिक शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षं पोलादपूरच्या बाजूला गेली. बत्तिसाव्या वर्षी माझ्याकडे पर्जन्यमापक आला, तोही अगदी साध्या कारणाने. यंत्र बसवायला मोकळी, कुंपण असलेली जागा हवी होती आणि ती आमच्या शाळेच्या आवारात होती. यंत्र कसलं, वर नरसाळं, खाली डबा आणि डब्यात बाटली. चोवीस तासांत पडलेलं पाणी बाटलीत साठतं. सकाळी आठला ते काचेच्या मापात ओतायचं, पाण्याची रेघ डोळ्यासमोर येईल इतकं गुडघ्यात वाकायचं, आकडा वहीत लिहायचा आणि तालुक्याच्या कचेरीला फोनने कळवायचा. बाटली रिकामी करून परत ठेवायची. एवढंच काम. पण ते रोज. रविवारी, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत, रोज.

पावसाळ्यातल्या नोंदींचं कौतुक लोकांना असतं. मला विचाराल तर खरी कसोटी डिसेंबर ते मे. आकाश कोरडं ठणठणीत, बाटलीत मुंगीसुद्धा नाही आणि तरी आठ वाजता कुलूप काढून आत बघायचं आणि लिहायचं: शून्य पूर्णांक शून्य. न बघता लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी बघून लिहिलं. हजारो शून्यं मी बघून लिहिली आहेत आणि आज एकाहत्तराव्या वर्षीही त्या शून्यांचा मला अभिमान वाटतो. वडील गेले त्या दिवशी आठची नोंद घेऊन मग मी खांदा द्यायला गेलो. मुलाच्या वेळी पत्नीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "दहा मिनिटं." ती अजून नातेवाइकांत सांगते, "ह्यांनी आधी पाऊस बघितला, मग पोर."

या नेमाला फळही आलं. ओढ्यावर मोरी बांधायची तर अभियंते माझी वही मागायचे. जूनमध्ये भाताच्या रोपांसाठी राब पेरायचा की थांबायचं, हे विचारायला शेतकरी कुंपणापाशी उभे राहायचे. बाजारात पावसावरून दोघांचं भांडण लागलं की तिसरा म्हणायचा, "गुरुजींचा आकडा विचारा आणि गप्प बसा." माझा आकडा म्हणजे शेवटचा शब्द. हे मी मिरवत नसे, पण ऐकायला मला आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता तो ऑक्टोबर सांगतो.

मुलीचा साखरपुडा महाडला ठरला होता, सकाळच्या मुहूर्तावर. आदल्या दिवशी आठची नोंद घेऊन मी आणि पत्नी दुपारी महाडला गेलो. एरवी मी बाहेर असलो तर नोंद पत्नी घ्यायची, मी तिला शिकवलं होतं. या वेळी दोघांनाही जाणं भागच होतं. मी मनाशी योजलं होतं की साखरपुड्याच्या सकाळी पहिल्या एसटीने पोलादपूरला यायचं, नोंद घ्यायची आणि साडेनऊपर्यंत परत महाड गाठायचं. थोरल्या भावाने हे ऐकलं आणि तो सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडला, "पोरीचा साखरपुडा, आणि बाप पाऊस मोजायला निघालाय! व्याही काय म्हणतील? माणूस की बेडूक?" सगळे हसले. मीही हसलो. पण जायचं ते ठरलेलंच होतं.

त्या रात्री परतीच्या पावसाने झोडपलं. भावाच्या घराच्या पत्र्यावर पहाटेपर्यंत आवाज थांबला नाही. सकाळी पहिली एसटी सुटलीच नाही. आठ वाजले तेव्हा मी नवीन धोतर नेसून पाहुण्यांना पेढे देत होतो आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. दिवसभर पाऊस जवळजवळ नव्हताच. संध्याकाळी एक सर आली आणि गेली. त्या रात्रीही आम्हाला राहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आलो. कपाळावर कालचं कुंकू, पिशवीत पेढ्यांचा पुडा. घरीही न जाता थेट शाळेत गेलो. आठला बाटली काढली. वीस मिलिमीटरचं माप पाच वेळा काठोकाठ भरलं आणि सहाव्यांदा सोळापर्यंत आलं. एकशे सोळा.

अशा वेळी काय करायचं याचा नियम आहे आणि तो मला तोंडपाठ होता. नोंद घेता आली नाही त्या दिवशी आडवी रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी पूर्ण आकडा लिहून बाजूला शेरा द्यायचा, 'दोन दिवसांचा मिळून'. त्यात लाज नाही. कुणी जाब विचारत नाही. आसपासच्या सगळ्या केंद्रांच्या वह्यांत अशा रेघा आहेत. फक्त माझ्या वहीत नव्हती.

मी वही उघडून उभा राहिलो. वरपर्यंत भरलेला रकाना, एकाखाली एक आकडे, कुठेही खाडा नाही. पेन टेकवलं आणि त्या रेघेसाठी हात हललाच नाही. मी लिहिलं, कालचा पाऊस एकसष्ट पूर्णांक चार, आजचा चोपन्न पूर्णांक सहा. अर्धे-अर्धे केले नाहीत, कारण अठ्ठावन्न आणि अठ्ठावन्न खोटं दिसलं असतं. दशांश मुद्दाम वेगळे घेतले. बेरीज मात्र चोख जमवली. मग कचेरीला फोन केला आणि काल लाइन बंद होती असं सांगून दोन्ही आकडे दिले.

पलीकडचा कारकून म्हणाला, "गुरुजी, तुमचा खाडा होणार नाही, हे मला माहीतच होतं."

आमच्या महसूल मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस त्या एका यंत्रावर धरला जायचा. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. अतिवृष्टी झाली की तलाठी शेतावर येऊन नुकसानीचे पंचनामे करणार, मग भरपाई. त्याखाली काही नाही. पेन टेकवलं तेव्हा हा पासष्ट माझ्या डोक्यात नव्हता. मात्र चार दिवसांनी तो आठवला आणि तेव्हाही मी गप्प राहिलो, म्हणून आधीचं वाक्य लिहून मी काही सुटत नाही.

आठवण करून दिली ती वरच्या वाडीच्या एका शेतकऱ्याने. कुडपणच्या वाटेवर त्याची वाडी आहे. माझ्याच वयाचा. त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, म्हणून आम्ही एकमेकांना ओळखून होतो. मी त्याला भाऊ म्हणायचो. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात तो आला तेव्हा त्याच्या मुठीत भाताच्या लोंब्या होत्या. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब.

"कापून आडवा टाकला होता सगळा," तो म्हणाला. "एका रात्रीत पाण्यात गेला. आणि कचेरीत म्हणतात, पाऊस नाय झाला! मग ह्ये काय मी घरात भिजत घातलं, मोड काढायला?"

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "उसळ कर."

"हसू नको रे. पाणी माझ्या गुडघ्याला होतं."

"तुझ्या एकट्याच्याच शेतात ढग फुटला असंल मग. गुरुजींच्या यंत्रात तर एकसष्टच हाय."

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, खरं काय?"

दुकानात सात-आठ माणसं होती. त्याच वेळी सांगून टाकता आलं असतं. मी म्हणालो, "एकसष्ट पूर्णांक चार."

"त्याच रात्रीचा?"

"त्याच रात्रीचा."

 मुठीतल्या लोंब्या त्याने खिशात घातल्या आणि हळू आवाजात म्हणाला, "मग तेवढाच असंल. काळोखात आवाज मोठा वाटतो माणसाला."

गुडघ्यापर्यंतचं पाणी त्याने स्वतः पाहिलं होतं, तरी त्याने माझा आकडा मानला. इतकी वर्षं न चुकता खरं लिहिलं होतं म्हणूनच माझं खोटं इतकं सहज खपलं. एखाद्या आळशी, विसरभोळ्या माणसाच्या वहीत एकसष्ट असतं, तर भाऊ त्याच्याशी भांडला असता आणि बहुधा जिंकला असता.

पंचनामे झाले नाहीत. भाऊला मात्र नाव पडलं, 'ढगफुटी'. आला ढगफुटी, बसला ढगफुटी, ढगफुटीला अर्धा चहा द्या. पुढे तो काहीही सांगायला लागला, रस्ता खचला म्हणाला किंवा बिबट्या दिसला म्हणाला, की कुणीतरी डोळा मिचकावायचा. हळूहळू तो दुकानात गोष्टी सांगेनासा झाला. चहा प्यायचा आणि जायचा.

मी पुढे आणखी आठ वर्षं नोंदी घेतल्या. त्यातली एकही खोटी नाही. खाडे पडले असते तर मी रेघ मारली असती, पण एकही पडला नाही. मग स्वयंचलित यंत्र आलं आणि माझं काम थांबलं. पुढे महाडजवळच्या तळीयेवर दरड कोसळली, आणि आमच्या डोंगरातल्या वाड्यांतली माणसं पावसाचा आकडा वेगळ्याच नजरेने विचारू लागली. किती पडला की घर सोडायचं, हे जुन्या वह्यांवरून ठरवायला हवं असं लोक म्हणू लागले. माझ्या वह्या शाळेला द्यायच्या आणि त्याच दिवशी माझा सत्कार करायचा, ही कल्पना त्यातूनच निघाली. त्या वह्यांवर आता कुणाचंतरी घर सोडणं किंवा न सोडणं ठरणार होतं.

मुख्याध्यापिकांचा फोन ठेवला आणि मी पत्नीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"त्या सकाळी आपण दोघंही महाडला होतो. मग आकडा घेतला कुणी, तुमच्या थोरल्या भावाने?"

"आणि तू अठरा वर्षं बोलली नाहीस?"

"म्हटलं, स्वतःहून सांगतील एखाद दिवशी. एवढा वेळ लावाल असं वाटलं नव्हतं." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "आता आधी वरच्या वाडीत जाऊन या."

बुधवारी जीपने वाडीत गेलो, ती वही पिशवीत घेऊन. भाऊ अंगणात खुरपं घासत बसला होता. मी पान उघडून समोर ठेवलं आणि एका दमात सांगितलं, साखरपुड्यापासून फोनच्या लाइनपर्यंत.  त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे एकशे सोळा," तो शेवटी म्हणाला.

"दोन दिवसांचा मिळून. पण दुसऱ्या दिवशी एकच सर होती. त्या रात्रीचा पासष्टच्या खूप वर होता. मी महाडला जागाच होतो, मला माहीत होतं."

"म्हणजे मी खरं बोलत होतो."

"अगदी खरं."

तो दाराकडे वळला. "ऐकलंस गो? मी खरं बोलत होतो."

"मी कवा खोटं म्हटलं?" ती म्हणाली. "मी तर त्या पाण्यातून भारे काढले तुमच्यासंगं. दोन दिस कंबर धरली होती माझी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, रेघ मारायची व्हती ना? रेघ तर माझा नातू बी मारतो."

 तिने चहा आणून ठेवला, पण घ्या म्हणाली नाही.

भाऊने खुरपं बाजूला ठेवलं. "गुरुजी, तुम्ही आलात ते बरं केलं. पण ह्ये माझ्या अंगणात सांगून काय उपेग? घरात माझ्यावर विश्वास व्हताच. खाली सांगा. जिथं नाव पडलं, तिथं."

"रविवारी सत्कार आहे, तेव्हा माइकवर…"

"माइकवर नाय. तिथं सगळे टाळ्या वाजवतील, तुम्ही किती मोठ्या मनाचे म्हणून. दुकानात सांगा. बाकड्यावर बसून."

एवढं बरोबर बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. मी तसंच योजून आलो होतो खरा. चूक कबूल करायची, पण शाल अंगावर असताना.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोघं दुकानात शिरलो. जुन्यांपैकी चार-पाचजण होते, काही नवे चेहरेही होते. बाकड्यावर बसलो आणि मी वही मांडीवर उघडली. शिकवायची सवय असल्यामुळे आवाज आपोआप मोठा लागला. नियम काय होता, मी काय केलं, खरा आकडा किती, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्या रात्री अतिवृष्टी झाली होती. भाऊ खरं सांगत होते. खोटा मी होतो."

  मग कोपऱ्यातला एक म्हातारा उठला. त्याचीही शेती वरच्याच अंगाला होती. तो म्हणाला, "आमचंपण भात होतं, गुरुजी." कप अर्धा तसाच ठेवून तो निघून गेला. मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. त्याने वळून पाहिलं नाही. मंडळात असे किती होते, मला माहीत नाही. मी ते कधी विचारलं नव्हतं.

परत आत आलो तर दुकानदार गोंधळून, जुन्या सवयीनेच म्हणत होता, "बस रे ढगफुटी, चहा घे," आणि मग त्याने जीभ चावली.

भाऊ म्हणाला, "म्हण की! लाजतोस कशाला? आता एकशे सोळाची हाय ढगफुटी, सरकारी वहीतली. आणि अर्धा नको, पुरा चहा दे."

सगळे हसले. तोही हसला. मग त्याने त्या रात्रीची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली, बांध कसा फुटला, भारे कसे वाहून कुंपणाला अडकले आणि कुणी डोळा मिचकावला नाही. मी ऐकत बसलो. इतकं सविस्तर मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्याच दुपारी कचेरीत लेखी अर्ज दिला. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "गुरुजी, इतक्या जुन्या नोंदीचं आता काय करायचं?" मी म्हणालो, "जे करायचं ते करा, पण पोच द्या." त्याने पोच दिली. वहीत मी दोन्ही आकड्यांवरून एकेक रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. पहिल्या दिवसासमोर आडवी रेघ, दुसऱ्या दिवसासमोर एकशे सोळा, शेरा, सही आणि आजची तारीख. वरून खालपर्यंत भरलेला तो रकाना मोडला. मला वाटलं होतं त्रास होईल. झाला नाही.

मग मुख्याध्यापिकांना मजकूर सांगितला, 'एक दिवस वगळता सलग एकोणतीस वर्षे.'

"अहो, सत्काराच्या पाटीवर असं कसं लिहायचं?"

"लिहा. नाहीतर शाल राहू दे."

रविवारी शाळेचं आवार भरलं होतं. माझी मुलगी महाडहून आली होती. तिच्या साखरपुड्याचा असा उल्लेख होणार म्हणून जरा रुसलेली, पण पहिल्या रांगेत. शाल, नारळ, भाषणं झाली.  हजारो खऱ्या नोंदींविषयी मी ताठ मानेने बोललो, कारण त्या खऱ्या आहेत आणि माझ्या आहेत. नेम पाळला म्हणूनच त्या आहेत. आणि तोच नेम मला इतका लाडका झाला होता की त्याच्यावर डाग नको म्हणून मी त्याच्याच वहीत खोटं लिहिलं. तो नेम पाऊस मोजण्यासाठी होता, हे मी एका सकाळपुरतं विसरलो होतो. एवढंच बोलून बसलो. चहाच्या दुकानातून उठून गेलेला म्हातारा आला नव्हता. त्याच्या घरी मी नंतर गेलो. त्याने दार उघडलं, पण बस म्हणाला नाही. परत जाणार आहे.

कार्यक्रम संपल्यावर लोक पाटीजवळ फोटो काढत होते. भाऊ गर्दी ओसरेपर्यंत थांबला, मग पुढे होऊन एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने मजकूर वाचला. 'एक दिवस वगळता.' बोट तिथंच थांबलं.

"गुरुजी, एक कसा? पहिला आकडा खोटा, तसा दुसरा बी खोटाच की. दोन झाले."

मी उभा राहून मनात मोजलं. पहिलीतल्या पोराने शिक्षकासमोर मोजावं तसं. तो बरोबर होता. कबुली देतानाही मी एक दिवस वाचवला होता.

पाटी बसवायला आलेला पेंटर रंगाचे डबे आवरत होता. मी त्याला हाक मारली. 'एक' पुसून त्याने तिथं 'दोन' लिहिलं. नवा रंग बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा गडद बसला आहे आणि लांबूनही तेवढाच शब्द आधी वाचता येतो.